‘आपला माणूस’ आणि सार्वजनिक पद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य शाळेच्या चार भिंतींत गेलेले. तेव्हा नीतिशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे हे आमचे काम नव्हे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. परंतु ज्या विषयावर आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे, तो विषय पंडितांचा असला तरी त्याचे सुखदुःख आपल्या घराघरांतले आहे. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता तलाठ्यापासून सचिवापर्यंतच्या पदांवर जात आहेत. कोणी नगरसेवक होत आहे, कोणी न्यायासनावर बसत आहे. या व्यासपीठावर त्यांचा सत्कार होतो तेव्हा आपणां सर्वांचा ऊर अभिमानाने भरून येतो, आणि तो भरून यावा हे योग्यच आहे. पण त्याच क्षणी आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आणखी एक वाक्य उमटते: ‘बरे झाले, आता तिथे आपला माणूस बसला.’ या एका वाक्यात जे अडचणीचे बीज दडलेले आहे, त्याचाच आज विचार करावयाचा आहे.

सरकारी भाषेत या अडचणीस हितसंबंधांचा संघर्ष असे म्हणतात. ज्या पदावरून मनुष्याने सर्वांसाठी निर्णय द्यावयाचा, त्याच निर्णयात त्याचा स्वतःचा, त्याच्या नातलगांचा अथवा स्नेह्यांचा लाभ-हानीचा संबंध असला म्हणजे हा संघर्ष उत्पन्न होतो. येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. असा संघर्ष उत्पन्न होणे हा गुन्हा नव्हे. ज्याला घरदार आहे, भाऊबहीण आहेत, गाव आणि ज्ञाती आहे, त्याला हा प्रसंग आज ना उद्या येणारच. लाचखाऊ मनुष्याची गोष्ट निराळी. तो वाईट जाणूनबुजून करतो. परंतु भाच्याच्या अर्जावर सही करणारा अधिकारी पुष्कळदा वाईट मनुष्य नसतो. त्याच्यापुढे एका बाजूस कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूस प्रेम, अशा दोन चांगल्याच गोष्टी उभ्या असतात. म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. पापाशी झुंजणे त्यामानाने सोपे; चांगुलपणाचे रूप घेऊन आलेला मोह ओळखणे फार अवघड.

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात अमात्यांची पारख करण्यासाठी चार कसोट्या सांगितल्या आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. जो धर्माच्या कसोटीस उतरेल त्यास न्यायदानाच्या कामी नेमावे, जो द्रव्याच्या कसोटीस उतरेल त्यास कोषाच्या व वसुलीच्या कामी नेमावे, आणि चारही कसोट्यांस उतरेल त्यास मंत्री करावे, अशी त्याची व्यवस्था. म्हणजे कोणते काम कोणास द्यावे हे केवळ विद्वत्तेवरून न ठरविता शीलावरून ठरवावे, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. परंतु आम्हांस नम्रपणे असे वाटते की या चार कसोट्यांच्या जोडीस पाचवी एक कसोटी आहे व ती सर्वांत कठीण आहे. ती म्हणजे आप्तेष्टांच्या प्रेमाची. पैशास न भुलणारा आणि धमकीस न डरणारा मनुष्यही आईच्या एका शब्दापुढे, मेहुण्याच्या एका चिठ्ठीपुढे नमतो.

या पाचव्या कसोटीस पूर्णपणे उतरलेले एक नाव महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक आहे. ते म्हणजे रामशास्त्री प्रभुणे यांचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यानंतर सत्तेवर आलेल्या राघोबादादांस रामशास्त्र्यांनी तोंडावर दोषी ठरविले आणि पुणे सोडले, ही कथा सर्वश्रुत आहे. तीत धैर्य आहे. परंतु आजच्या विषयास त्यांच्याविषयीची दुसरी एक आख्यायिका अधिक जवळची आहे. श्रावणमासी विद्वानांस दक्षिणा वाटण्याच्या प्रसंगी शास्त्रीबुवांचे सख्खे बंधू पुढे आले. न्यायाधीशांचा भाऊ म्हणून त्यांस इतरांहून अधिक दक्षिणा द्यावी असे नाना फडणवीसांनी सुचविले. शास्त्रीबुवांनी सांगितले की यांची विद्वत्ता सामान्य आहे, सबब सामान्य ब्राह्मणास मिळते तेवढीच दक्षिणा यांस द्यावी. भाऊ म्हणून जे काही करावयाचे ते मी माझ्या घरी करीन.

या लहानशा कथेत आजच्या विषयाचे सारे सार आलेले आहे. शास्त्रीबुवांनी भावाचे नाते नाकारले नाही. भावास त्यांनी रिकाम्या हातीही पाठविले नाही. सामान्य विद्वानाचा जो हक्क, तो त्यास मिळाला. त्यांनी केले ते एवढेच की सरकारी थैली आणि घरची थैली यांच्यामध्ये एक रेघ ओढली. प्रेम करावयाचे ते आपल्या पदरचे खर्चून; दुसऱ्याच्या पैशाने केलेले प्रेम हे औदार्य नव्हे.

आता असा प्रश्न येतो की अशी रेघ ओढण्याचे बळ मनुष्याच्या अंगी येते कोठून? ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी यावर फार मार्मिक विचार केला. त्याच्या मते सद्गुण हा जन्मतः मिळत नाही, आणि नुसत्या उपदेशानेही येत नाही. तो सवयीने अंगी बाणतो. न्यायाची कृत्ये करीत करीत मनुष्य न्यायी होतो. आम्हां मास्तर लोकांस हे सांगावयास नको. वळणदार अक्षर कसे काढावे यावर तासभर व्याख्यान दिले म्हणून मुलाचे अक्षर सुधारत नाही. पुस्ती गिरवावी लागते, तीही रोज. हात एकदा वळला म्हणजे मग घाईतही अक्षर बिघडत नाही. शीलाचेही तसेच आहे. कचेरीतला कागद घरच्या कामास न वापरणे, सरकारी गाडीतून मुलास शिकवणीला न पाठविणे, या बारीकसारीक गोष्टी म्हणजे प्रामाणिकपणाची पुस्ती होय. ती ज्याने गिरविली नाही, त्याचा हात मोठ्या निविदेवर सही करतेवेळी थरथरल्याशिवाय राहणार नाही.

ॲरिस्टॉटलचा दुसरा विचार असा की सद्गुण हा बहुधा दोन टोकांच्या मध्ये असतो. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्यामध्ये शौर्य. आमच्या विषयासही हे तंतोतंत लागू पडते. एका टोकास आप्तांचे लाड पुरविणारा अधिकारी आहे, हे आपण पाहिले. पण दुसऱ्याही टोकास एक अधिकारी असतो, आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. आपण निःपक्षपाती आहो असा लौकिक व्हावा म्हणून तो आपल्या ज्ञातीतल्या लायक मुलाचा रास्त अर्जही बाजूस सारतो. लोक त्याची वाहवा करतात. परंतु त्यानेही अन्यायच केला. त्याने आपल्या कीर्तीसाठी दुसऱ्याचा हक्क खर्च केला. मधला मार्ग कोणता, हे प्रत्येक प्रसंगी ठरविण्यास जो विवेक लागतो, त्यास ॲरिस्टॉटलने व्यवहारातले शहाणपण म्हणून सद्गुणांमध्ये मोठे स्थान दिले आहे.

गांधीजींच्या चरित्रातला एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून स्वदेशी परतताना तेथील हिंदी लोकांनी त्यांस सोन्या-चांदीच्या व हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी ती रात्र जागून काढली. सेवा लोकांची केली, तिचे मोल घ्यावयाचे काय, हा त्यांच्यापुढला प्रश्न. त्यांनी मुलांची मने वळविली. परंतु कस्तुरबांनी सहजासहजी मान्य केले नाही. उद्या सुना येतील, त्यांच्या अंगावर काय घालावयाचे? आणि तुमच्या सेवेत आम्हीही राबलो नाही काय? हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. अखेरीस त्या सर्व भेटींचा एक विश्वस्तनिधी करून पारशी रुस्तमजी आदींस विश्वस्त नेमण्यात आले. या प्रसंगात आम्हांस विशेष वाटते ते असे की संघर्ष कचेरीत झाला नाही. तो घरात, पती-पत्नींमध्ये झाला. अधिकाऱ्याचे शील हे एकट्या अधिकाऱ्याचे नसते. घरच्या मंडळींची साथ नसेल तर ते फार काळ टिकणे कठीण.

कोणी म्हणेल, हे सारे साधुसंतांचे झाले. सामान्य माणसासाठी कायदे कशास आहेत? कायदे अवश्य आहेत आणि ते पाहिजेतच. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १९६४ चे, अखिल भारतीय सेवांसाठी १९६८ चे आणि महाराष्ट्राच्या सेवकांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. नातलगाच्या नोकरीसाठी पदाचा उपयोग करू नये, भेटवस्तू घेऊ नयेत, मालमत्तेची माहिती द्यावी, बदली-बढतीसाठी बाहेरून वजन आणू नये, अशा गोष्टी त्यांत घालून दिलेल्या आहेत. आपल्या राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार पंचायतीच्या कामात अथवा करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा आहे, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी १९९७ साली स्वतःसाठी जी आचारतत्त्वे मान्य केली, त्यांतही आपल्या कुटुंबीयांचे, निकटच्या आप्तांचे अथवा मित्राचे प्रकरण न्यायाधीशाने चालवू नये असे तत्त्व आहे.

न्यायालयांनी या बाबतीत किती बारकाईने पाहिले आहे, त्याचे एक उदाहरण सांगतो. जम्मू-काश्मीर राज्यात भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडण्यास एक मंडळ नेमले होते. राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक हे पदसिद्ध नात्याने त्या मंडळाचे सदस्य होते, आणि स्वतः त्या निवडीस उमेदवारही होते! स्वतःच्या नावाचा विचार चालला असता ते बैठकीत बसले नाहीत. परंतु त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार झाला आणि गुणानुक्रमे यादी तयार झाली, तेव्हा ते हजर होते. यादी झाली तेव्हा त्यांचे नाव अग्रभागी होते. ‘क्रायपाक विरुद्ध भारत संघराज्य’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती निवड रद्द ठरविली. मनुष्याच्या मनात काय होते हे सिद्ध करणे कठीण असते. पक्षपात होण्याचा संभव होता असे मानण्यास वाजवी कारण आहे की नाही, एवढेच पाहावयाचे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. क्षणभर खोलीबाहेर जाऊन परत आत येणे पुरेसे नाही, हा त्यातला धडा.

इंग्लंडातही १९२३ साली असेच एक प्रकरण झाले. मोटारसायकलच्या अपघातावरून एका इसमावर खटला चालला. न्यायदंडाधिकाऱ्यांचा जो कारकून होता, तो ज्या वकिली पेढीचा भागीदार होता, ती पेढी त्याच अपघातात समोरच्या पक्षाचे नुकसानभरपाईचे काम पाहात होती. निकालाचा विचार करण्यास दंडाधिकारी आतल्या खोलीत गेले, तेव्हा हा कारकूनही त्यांच्यासोबत गेला. त्यांनी त्यास काहीही विचारले नाही, तोही काही बोलला नाही. तरीसुद्धा वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्याय होणे जितके आवश्यक, तितकेच तो झाला असे लोकांस दिसणेही आवश्यक, हे तत्त्व त्या निकालाने जगभर रूढ झाले.

आम्हां शिक्षकांच्या व्यवसायात हा संकेत पूर्वीपासून आहे. स्वतःचे मूल ज्या परीक्षेस बसले आहे, त्या परीक्षेचे परीक्षकपण स्वीकारू नये. असा शिक्षक आपल्या मुलास जास्त गुण देईलच असे कोणी म्हणत नाही. परंतु त्याने दिलेल्या खऱ्या गुणांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्या अविश्वासाचे ओझे अखेर त्या मुलास वाहावे लागेल.

मग कायदे असता सद्गुणांचे प्रयोजन काय? याचे उत्तर असे की कायदा सख्खा भाऊ जाणतो, मानलेला भाऊ जाणत नाही. पत्नीच्या नावावरची कंपनी त्यास दिसते. गावकीच्या, भावकीच्या, एका ताटात जेवल्याच्या उपकारांची नोंद त्याच्या वहीत कोठेच नसते. जेथे नियमाची दृष्टी पोहोचत नाही, तेथे मनुष्याच्या शीलासच पहारा करावा लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ सालापासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्र व सचोटी या विषयाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली आहे. आपल्या ज्ञातीतील जी मुले या परीक्षेची तयारी करीत आहेत, ती हितसंबंधांच्या संघर्षाची व्याख्या मुखोद्गत करीतच असतील. परंतु खरी प्रश्नपत्रिका त्यांच्या हाती पडते ती नेमणुकीनंतर, आणि ती बहुधा आपण, त्यांचे ज्ञातिबांधवच, त्यांच्यापुढे ठेवतो.

म्हणून आता थोडे आपल्याविषयी बोलू. कटु वाटल्यास क्षमा असावी. सत्कारसमारंभात आपण शाल व श्रीफळ देतो आणि त्याच शालीखालून कोणी अर्ज पुढे करतो. ‘साहेब, जरा लक्ष असू द्या,’ एवढेच शब्द. पण त्या शब्दांनी सत्काराचा सौदा होतो. ज्या मुलाने अपार कष्टांनी पद मिळविले, त्यास आपण पहिल्याच दिवशी पेचात टाकतो. त्याने काम केले तर कर्तव्यास मुकला. न केले तर ‘मोठा झाला, ज्ञातीस विसरला’ असा बोल त्याच्या म्हाताऱ्या आईबापांस गावात ऐकावा लागतो. आणि उद्या चौकशीची नोटीस आली तर ती त्याच्याच नावाने येते. अर्ज देणारा त्या दिवशी जवळपास नसतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. लोक म्हणतात, ‘इतर सर्व आपापल्यांना वर ओढतात, आपणच तत्त्वे कुरवाळीत बसलो तर आपली मुले मागे राहतील.’ या आक्षेपात व्यथा आहे, पण हिशेब चुकीचा आहे. जेथे वशिल्याने कामे होतात, तेथे ज्याचा वशिला मोठा त्याचेच काम होते. आज एका कचेरीत आपला माणूस असेल. उद्या त्याची बदली होईल आणि शेजारच्या दहा कचेऱ्यांत इतरांची माणसे असतील. संख्येने व धनाने मोठी नसलेल्या समाजाचे खरे संरक्षण वशिल्यात नसून नियमात आहे. शिवाय एकाची निवड वशिल्याने झाली की जी दहा मुले गुणवत्तेवर निवडली गेली, त्यांच्याकडेही लोक त्याच संशयाने पाहू लागतात. ज्ञातीवर प्रेम असेल तर ज्ञातीच्या नावास हा डाग लागू न देणे, हेच त्या प्रेमाचे पहिले कर्तव्य होय.

ज्ञातीने एकमेकांस साह्य करू नये काय? अवश्य करावे. पण रामशास्त्र्यांच्या रीतीने, घरच्या थैलीतून. ज्यास पद मिळाले त्याने आपल्या पगारातून गरीब विद्यार्थ्याची फी भरावी, रविवारी मुलांस शिकवावे, अर्ज कसा भरावा, कोणती कागदपत्रे लागतात, मुदत कोणती, हे सर्वांस समजावून सांगावे. जी माहिती सर्वांसाठी खुली आहे ती आपल्या लोकांपर्यंत पोहोचविणे यात पक्षपात नाही. पक्षपात तेथे सुरू होतो, जेथे रांग मोडली जाते.

आणि दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपल्या मंडळानेही ही पुस्ती गिरवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. आपले मंडळही एक छोटेसे सार्वजनिक पदच आहे. येथला पैसा शेकडो कुटुंबांच्या वर्गणीचा आहे. शिष्यवृत्तीच्या बैठकीत ज्या विश्वस्ताचा पाल्य किंवा नातलग अर्जदार असेल, त्याने ते आधी सांगावे आणि त्या संपूर्ण निवडीतून दूर राहावे; केवळ स्वतःच्या पाल्याच्या नावापुरते नव्हे. सभागृहाच्या दुरुस्तीचे काम कार्यकारिणीतील कोणाच्या आप्ताकडे द्यावयाचे झाल्यास इतरांचीही दरपत्रके मागवावीत आणि तो संबंध इतिवृत्तात स्पष्ट नोंदवावा. अधिकारावर असलेल्या सभासदाच्या नावे मंडळाच्या कागदावर शिफारसपत्र देऊ नये. आणि सत्काराच्या व्यासपीठावर अर्ज-निवेदने देण्यास सक्त मनाई असावी. या चार गोष्टींस पैसा लागत नाही. लागते ती थोडी मनाची तयारी, आणि प्रथम एक-दोन वर्षे थोडा वाईटपणा घेण्याचे धैर्य.

माता-भगिनींस आमची विशेष विनंती आहे. मुलगा अधिकारी झाला म्हणजे नातेवाईक प्रथम आपल्याकडेच येतात, कारण त्यांस ठाऊक असते की तो साहेबांचा शब्द मोडील, पण आईचा मोडणार नाही. अशा वेळी ‘त्याच्या कचेरीतले मला काही सांगू नका, जेवून जा,’ एवढे म्हणणारी आई आपल्या मुलाचे जेवढे रक्षण करते, तेवढे कोणताही वकील करू शकणार नाही.

पुढील वर्षी याच व्यासपीठावर आणखी काही मुलामुलींचा सत्कार होईल. त्या वेळीही आपण अभिमानाने म्हणावे, ‘आपला माणूस तिथे बसला आहे.’ परंतु त्याचा अर्थ असा व्हावा की तिथे कोणाही परक्याने जावे आणि त्यास न्याय मिळावा. आणि तो परका बाहेर येऊन म्हणाला की ‘कोणाचा मुलगा आहे हा?’, तर आपण उत्तर द्यावे, ‘आमचा.’